डब्यावर असं नव्हतं हो!

…नाही नाही नाही, पंख बसत नाही ही माझी तक्रारच नाही! पंख बसणारच नाही, तो बसायला केलेलाच नाही! कधीकाळी कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी साचा केला, तो साचा झिजला, झिजलेल्या साच्यातून आणखी ढीगभर विमानं काढली, त्यातलं एक माझ्या वाट्याला आलं, मग पंख आणि धड यांच्यामध्ये नखाएवढी फट राहणार की नाही? राहू दे की! मी दातांचा डॉक्टर आहे! फटी भरणं हा माझा धंदा आहे! दिवसभर लोकांच्या तोंडातल्या भरतो, संध्याकाळी विमानाच्या भरतो, फटींशी माझं भांडणच नाही. माझी तक्रार आहे माणसाबद्दल. आता त्या माणसापर्यंत पोचायला जरा वेळ लागेल, तेव्हा नीट बसून घ्या.

तर तुम्हाला सांगतो, मी विमानं करतो. उडणारी नव्हेत हो, तेवढी माझी ऐपत नाही आणि हिची परवानगीही नाही. प्लॅस्टिकची, वीतभर, कपाटात ठेवायची. डब्यात सुटे भाग येतात, प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेले, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि मग घरी कुणी आलं की विमान दाखवायचं. आणि माणसं काय म्हणतात? 'वा, छान आहे हं!' आणि लगेच टीव्हीकडे तोंड! अहो, छान आहे म्हणजे काय छान आहे? पंख छान आहे की शेपूट छान आहे? चाकाच्या झाकणाला आतून मी हिरवट पिवळा रंग दिलाय, तीन रंग एकत्र करून, जीव टाकून, तो दिसला का? नाही दिसला! चहा आला का, तेवढं मात्र बरोबर दिसतं.

आणि मला सगळे विचारतात, डॉक्टर, दवाखाना चांगला चालतोय, मग नवीन किट का नाही आणत? ही जुनी, स्वस्तातली, धूळ खाल्लेलीच कशाला? आता यांना काय सांगू! अहो, नवीन किट म्हणजे… पंख उचलला, धडाला लावला, टक्! बसला. शेपूट उचललं, टक्! बसलं. इंजिन, टक्! मग मी काय करू? टाळ्या वाजवू? जुन्या किटचं कसं, प्रत्येक भाग भांडायला उभा! हा म्हणतो मी बसणार नाही, तो म्हणतो मी आधीच वाकलोय, तिसरा तर डब्यातच नसतो, तो आपण प्लॅस्टिकच्या काडीतून कोरून काढायचा. आणि मग घासून घासून, चिमट्यात धरून, फुंकर मारून, शिव्या देऊन तो एकदा बसला ना… अहाहा! राजे हो, काय सांगू तुम्हाला, अंगावर काटा येतो! आत्ताही आला, बघा, हा बघा!

पण डबा! डब्यावरचं चित्र बघाल तर वेडे व्हाल. ढग फाडून विमान निघालंय, खाली समुद्र उसळलाय, पंखांवर ऊन चमकतंय, वैमानिकाची हनुवटी अशी, आणि दातांची ठेवण… एक नंबर! मी पहिलं तेच बघतो. आणि डबा उघडला की आत काय? मळकट करडं प्लॅस्टिक. काच एवढी जाड की आतलं काही दिसू नये अशीच योजना असावी. आणि तो वैमानिक! दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेला एक गोळा! नाक नाही, डोळे नाहीत, पाय खुर्चीतच विरघळलेले. हा विमान उडवणार? डब्यावर असं नव्हतं हो! आणि रिव्हेट! विमानाच्या पत्र्याला बारीक खिळे मारलेले असतात ना, ते. साचेवाल्याने असे काही हौसेने उठवलेत की खऱ्या विमानाच्या मापात धरले तर एकेक रिव्हेट पातेल्याएवढा होईल. नंबर आणि पट्टे पाण्यात भिजवून चिकटवायचे असतात, तो कागद वर्षानुवर्षं पिवळा पडलेला. वाटीत टाकला की पट्ट्याचे तुकडे गरागरा फिरायला लागतात, आणि मी चिमटा घेऊन त्यांच्यामागे. डब्यावर असं नव्हतं! पण मजा… मजा विचारू नका!

खेळण्यांच्या दुकानातला म्हातारा मला ओळखून आहे. मी दिसलो की शिडी लावतो, माळ्यावरून डबा काढतो, फुंकर मारतो, ती सगळी धूळ माझ्या डोळ्यात, आणि खर्जात म्हणतो, 'डॉक्टर, हे कुणी घेणार नाही. तुम्हीच न्या.' कौतुक आहे की काढून टाकणं आहे, अजून कळलेलं नाही. पण मी नेतो!

आता घरी. आमचं जेवणाचं टेबल सहा माणसांचं. त्यात दोन माणसं जेवतात, एक पोरगी मोबाइल बघत जेवते आणि उरलेल्या जागेवर विमानतळ. ही वरण वाढता वाढता म्हणते, 'अहो, तो पंख भाताच्या पातेल्यातून काढा.' मी काढतो. 'अहो, मिठाच्या बाटलीत हे काय आहे?' ती चाकं आहेत, सुरक्षित ठेवलीत. 'अहो, तुम्ही लग्नाआधी असे नव्हतात!' आता हे मात्र मी म्हणायला हवं होतं! लग्नाआधी मला हिचा फोटो दाखवला होता, त्यात ही हसत होती. गोड! आणि लग्नानंतर? डब्यावर असं नव्हतं हो! एकदा चुकून मोठ्यानं बोललो. ही शांतपणे म्हणाली, 'तुमच्या फोटोत केस होते.' मी पंख उचलला आणि घासायला लागलो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. झालं काय, एक दिवस आमची लेक माझ्यासमोर येऊन बसली. टेबलाशी. मोबाइल न घेता! तेव्हाच ओळखलं, काहीतरी मोठं आहे. म्हणाली, 'बाबा, मला एक मुलगा आवडतो. रविवारी त्याचे आई-बाबा जेवायला येणार आहेत.' माझा ब्रश तसाच हवेत. एवढीशी होती हो, माझ्या मांडीवर बसून चाकं रंगवायची, चाकं कमी आणि माझा शर्ट जास्त! मला एकदम भरून आलं, म्हटलं, 'अगं, मस्त! मी त्यांना सगळी विमानं दाखवतो!' तर ती म्हणाली, 'बाबा, तेच सांगायला आलेय.'

तुम्हाला सांगतो, पोरीनं माझे दोन्ही हात धरले, गोंदाने चिकट झालेले, तसेच धरले. 'बाबा, एक संध्याकाळ. फक्त एक. विमान हा शब्द नको. ऑफिसमधल्या माझ्या मैत्रिणी आल्या होत्या, तू त्यांना रिव्हेट दाखवलेस, त्या परत आल्या नाहीत. नळ दुरुस्त करायला माणूस आला होता, नळ तसाच टाकून गेला. बाबा, त्याचे वडील फार कडक आहेत, कमी बोलतात, मोठे इंजिनीअर आहेत, पूल तपासतात. मला हे लग्न हवंय रे बाबा!' आणि डोळे भरून आले तिचे. आता सांगा! विमानं केली म्हणून काय झालं, बाप आहे की नाही मी? म्हटलं, 'शब्द देतो. तोंडातून विमान निघणार नाही.' हिनं लगेच आतून ओरडून सांगितलं, 'आणि टेबल रविवारी रिकामं पाहिजे! नाहीतर सगळे डबे भंगारात!' ही कधी कुठून ऐकत असते, मला अजून कळलेलं नाही.

आता टेबलावर होतं एक जुनं टपालाचं विमान. दोन इंजिनांचं, गोल पोटाचं, फार गोड! त्याला तीन चाकं, दोन पंखांखाली, एक नाकाखाली. अर्धवट झालेलं. आणि अर्धवट विमान उचलून ठेवता येत नाही हो, गोंद ओला, रंग ओला, ठेवणार कुठं? म्हणजे रविवारच्या आत पुरं करायचं, कपाटावर ठेवायचं आणि टेबल रिकामं. झालं! दवाखान्यात पेशंटला कवळी लावतोय आणि डोक्यात शेपूट. एकाला म्हटलं, 'तोंड उघडा, गोंद वाळू द्या.' तो बिचारा उघडून बसला!

आणि घरी आलो, धडाचे दोन भाग हातात घेतले, डावा आणि उजवा. मनाची तयारी केली, आता भांडण होणार, पुट्टी लागणार, रबरबँड लागणार, मध्यरात्र होणार… आणि दोन भाग एकमेकांना लावले आणि काय सांगू तुम्हाला… बसले! फट नाही! केसाएवढी नाही! एवढ्या वर्षांत, एवढ्या विमानांत, पहिल्यांदा! जुन्या, स्वस्त, मळकट किटचे दोन भाग आईच्या कुशीत पोर शिरावं तसे एकमेकांत शिरले! मी खुर्चीतून उठलो, नाचलो! हिला हाक मारली, 'अगं ये, बघ, बसलं!' ही म्हणाली, 'मग तुम्हीही बसा.' पण मी कशाला बसतोय! त्या आनंदात गोंदाची बाटली उचलली, सर्रकन कडेकडेनं फिरवली, दाबून धरलं, चिकटवून मोकळा! मग पंख, मग इंजिन, मग रंग, भराभर, शीळ घालत! आता डब्यातला कागद कोण बघतो? कागदाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, की धड बंद करण्याआधी नाकात वजन घाला.

नाही कळलं? अहो, नाकाखाली चाक असलेलं विमान ना, त्याचं शेपूट जड असतं. नाकात आतून काहीतरी जड भरावं लागतं, नाहीतर ते पुढच्या चाकावर उभं राहत नाही. आमच्या धंद्यातला पहिला धडा! पहिला! नवशिक्याला आधी हेच सांगतात! आणि मी, एवढं कपाट भरलेला माणूस, विसरलो!

रविवारी संध्याकाळी टेबल रिकामं झालं. विमान कपाटावर ठेवलं, चाकांवर, दोन पावलं मागे झालो, हात कमरेवर ठेवले… आणि विमानानं हळूच, अगदी सावकाश, नाक वर केलं आणि शेपटीवर बसलं! माझ्या खुर्चीत पेशंट बसतो ना, मान वर, तोंड छताकडे, हुबेहूब तसं! मी नाक खाली दाबलं. सोडलं. परत वर! दाबलं. वर! डब्यावर तर ऐटीत धावपट्टीवर उभं होतं! आणि तेवढ्यात, टिंग टाँग! बेल! ही आतून, 'अहो, दार!' लेक आतून, 'बाबा, दार! आणि लक्षात आहे ना?' मी धावत टूथपिक घेतली, शेपटीखाली टेकू लावला, वरचं टोक शेपटीच्या खाचेत अगदी नखभर अडकवलं, आणि दार उघडलं.

मुलगा छान होता. दात छान होते, आणखी काय हवं! त्याची आई हसतमुख. आणि वडील… उंच, टक्कल, भुवया जाड, ओठ घट्ट मिटलेले. नमस्कार केला, बसले, आणि गप्प! मीही गप्प. हो ना, विमान बोलायचं नाही म्हटल्यावर मी बोलू काय? हवा गरम आहे. हो, गरम आहे. काल थंड होती. हो, थंड होती. संपलं! बायका बोलतायत, पोरं एकमेकांकडे बघतायत, आणि आम्ही दोघे बाप असे समोरासमोर. आणि तुम्हाला सांगतो, हा माणूस एकसारखा माझ्या कपाटाकडे बघत होता! मान वळवत नव्हता, नुसते डोळे. मला वाटलं, झालं, मनात म्हणत असेल, काय हा पोरकट डॉक्टर, म्हातारपणी खेळणी ठेवतो. लेकीला कसं दिसेल? मी खुर्ची थोडी सरकवून मध्ये आलो, कपाट झाकायला. त्यांनीही खुर्ची सरकवली!

जेवायला बसलो. हिनं सूप वाढलं. त्याच्या आईनं खुर्ची पुढे ओढली, घर्रर्र, आणि कपाटावर… टप्प! टूथपिक निसटली, विमान शेपटीवर! मी पटकन उठलो, 'मीठ आणतो', टेकू लावला, बसलो. ही म्हणाली, 'मीठ?' विसरलो. परत उठलो. मुलानं दार लोटलं, टप्प! 'पाणी आणतो!' टेकू. लेक माझ्याकडे डोळे मोठे करून बघतेय. इकडे सूपमध्ये लक्ष नाही, तिकडे घाम. तिसऱ्यांदा टप्प झालं, मी उठणार, तेवढ्यात खोल विहिरीतून यावा तसा आवाज आला, 'नाकात वजन राहिलं.'

मी जागच्या जागी! कोण बोललं? तो कडक इंजिनीअर! त्यांच्या बायकोनं कपाळावर हात मारला, 'अहो! तुम्ही कबूल केलं होतंत! घरून निघताना कबूल केलं होतंत, विमान हा शब्द काढणार नाही म्हणून!' आणि मुलगा लाल! आणि आमची लेक त्याच्याकडे, 'म्हणजे तुझे बाबापण?' आणि तो, 'म्हणजे तुझेपण?' घ्या! दोघं वर्षभर भेटतायत, सिनेमा बघतायत, सुखदुःख सांगतायत आणि दोघांनी एकमेकांपासून बाप लपवून ठेवले होते! ती एकदा त्यांच्या घरी गेली होती तर बापाच्या खोलीला कुलूप घालून सांगितलं, अडगळ आहे!

मला काय आनंद झाला, काय सांगू! सूप सोडून उठलो, हात धरला त्यांचा, 'साहेब, तुम्हीही?' ते उठले, कपाटापाशी गेले, खिशातून टॉर्च काढला, पूल तपासायचा, आणि मारला माझ्या विमानावर. वरून, खालून, पोटाखालून. मी असा, परीक्षेला बसल्यासारखा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नीट बघत होतं हो! आणि मग ते म्हणाले, 'डॉक्टर, हे उठलेले रिव्हेट तसेच ठेवलेत?' म्हटलं, 'म्हणजे?' 'घासून सपाट करायला हवे होते. आणि मुळात, राग मानू नका, ही जुनी स्वस्त किट घ्यायचीच कशाला? नवीन किती अचूक बसतात.'

अचूक बसतात! मला! माझ्या घरात! माझ्या सूपावर! म्हटलं, 'साहेब, रिव्हेट घासायचे? म्हणजे त्या साचेवाल्यानं एकेक उठवला तो घासायला? आणि नवीन किटमध्ये करायचं काय असतं हो? डबा हलवला की विमान बाहेर!' ते म्हणाले, 'तुमचं हे विमान म्हणजे रिव्हेटांना आलेलं विमान आहे!' मी म्हणालो, 'तुम्ही आयुष्यभर भेगा शोधल्यात, तुम्हाला भरायचं सुख काय कळणार!' आवाज वाढले! ही म्हणतेय, 'अहो', ती म्हणतेय, 'अहो', सूप गार! आणि त्या माणसानं रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, 'निघू या का आपण?'

आणि मी लेकीकडे बघितलं. चिडली असती तर मी समजू शकलो असतो. ती चिडली नव्हती. मान खाली घालून चमचा सरळ ठेवत होती, पुन्हापुन्हा, तोच चमचा. मनात म्हटलं, मूर्ख माणसा, पातेल्याएवढ्या रिव्हेटांपायी पोरीचं लग्न मोडतोस? गिळला राग. अख्खा गिळला, तसाच, न चावता. आणि म्हटलं, 'साहेब, वजन राहिलं, हे मात्र खरं. चूक माझीच. खाली माझा दवाखाना आहे. भोक पाडायची सोय आहे. येता?'

त्यांनी माझ्याकडे बघितलं. विमानाकडे बघितलं. आणि रुमाल परत बाहेर काढला.

मंडळी, काय दृश्य होतं ते! खुर्चीवर विमान उताणं, डोक्याखाली कापूस, वर मोठा दिवा! मी मास्क लावला, त्यांना लावला, त्यांच्या हातात थुंकी ओढायची नळी दिली, म्हटलं, बारीक भुसा पडला की ओढा. नाकाखाली, चाकाच्या खोबणीत, जिथं वरून दिसणार नाही तिथं ड्रिल टेकवला. 'हळू!' ते ओरडले, 'वेग कमी! प्लॅस्टिक वितळतं!' काय बरोबर बोलला माणूस! वेग कमी केला. भोक पडलं. आता भरायचं काय? मी कपाट उघडलं, आत चांदी! दातात भरायची हो, पूर्वी सगळे तीच भरायचे, आता सगळ्यांना पांढरं हवं, म्हणून पडून होती. जड! शिशाच्या तोडीची! कॅप्सूल यंत्रात घातली, खडखड खडखड, मऊ झाली, चिमूट चिमूट करून नाकात ठासली. ते टॉर्च धरून, 'अजून डावीकडे… अजून… मागे पोकळी राहिलीय…' भेग शोधणारा आणि भेग भरणारा, एका विमानावर! असं काम मी दहा पेशंटमध्ये मिळून केलेलं नाही!

चांदी घट्ट होईपर्यंत नाक खाली धरून उभं राहायचं होतं. आम्ही आळीपाळीनं धरलं. तेव्हा हा कडक माणूस हळूच म्हणाला, 'डॉक्टर, आमचा पोरगा घुमा होता हो, माझ्यासारखाच. तुमची मुलगी भेटल्यापासून घरात गुणगुणतो.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मास्कमुळे बरं, दिसलं नाही. मग विमान खुर्चीच्या हातावर चाकांवर ठेवलं. सोडलं. दोघांनी श्वास धरला. आणि ते उभं राहिलं! तीन चाकांवर, नाक पुढे, ऐटीत! आम्ही दोघं असे ओरडलो की शेजारच्या औषधवाल्यानं शटर वर केलं!

वर आलो विमान घेऊन, मिरवत. तर टेबलावर ताटं रिकामी! सगळी जेवून, गोडही खाऊन मोकळी! ही म्हणाली, 'तारीख ठरली.' म्हटलं, 'कसली?' म्हणाली, 'लग्नाची! मी खाली दोनदा विचारायला आले होते, तुम्ही म्हणालात, तोंड उघडं ठेवा.' लेक उठली आणि मला घट्ट बिलगली, रंगानं, चांदीनं, भुशानं भरलेल्या शर्टाला, तशीच. 'थँक यू, बाबा.' बस! आणखी काय पाहिजे माणसाला! आम्ही दोघं बाप उभ्याउभ्या गार भात खाल्ला, एवढा गोड भात कधी लागला नव्हता!

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, मग तक्रार कसली? अहो, इथंच तर तक्रार आहे! लग्न झालं, पोरं सुखात आहेत, आणि व्याही? व्याही दर रविवारी येतात! टॉर्च घेऊन! डोळ्याला भिंग लावून कपाट उघडतात आणि एकेक विमान काढतात. 'डॉक्टर, डाव्या पंखाखाली केसभर फट आहे.' 'डॉक्टर, हा पट्टा तिरका.' 'डॉक्टर, हा हिरवट पिवळा चुकीच्या वर्षाचा आहे.' वर्षाचा! ज्या रंगाकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याचं वर्ष काढतायत! डब्यावर असं नव्हतं म्हणावं तर यांना डबासुद्धा नव्हता हो! आणि परवा तर कहर झाला. माझ्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवून म्हणाले, 'पुढच्या रविवारी येताना बारीक सँडपेपर आणतो. बसून सगळे रिव्हेट घासून टाकू.' सगळे! अख्ख्या कपाटातले! एकेक जपलेला! आतून रक्त उसळलं, तोंडाशी शब्द आले, असे कडकडीत आले… आणि मी म्हटलं, 'या ना साहेब, जेवायलाच या!' काय करता… मुलीचा बाप पडलो ना मी!